साडेअठ्ठावन्नावं घर

खारवलीचे बळीराम म्हात्रे आयुष्यात दोनदा संगणकाच्या विरोधात उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले. पहिल्यांदा हरले ते बरंच झालं आणि दुसऱ्यांदा हरले ते त्याहून बरं झालं, असं आता ते स्वतःच सांगतात. हे शहाणपण त्यांना आधी सुचलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण लग्नघरात शहाणपण कधी वेळेवर पोचलंय?

पहिला लढा शहाऐंशी सालचा. बळीरामभाऊ तेव्हा फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होते. कंपनीत संगणक येणार असं कळलं आणि युनियनने गेटसभा लावली. ‘संगणक हटाव, नोकरी बचाव’ असा फलक घेऊन सगळ्यात पुढे बळीरामभाऊ. खाडीच्या या काठावरून त्या काठावर हाका मारून कमावलेला त्यांचा आवाज, त्याला लाउडस्पीकर लागत नसे. शेजारी वसईजवळच्या गास गावचा सिप्रियन, तोही कारकून, तोही तसलाच. चार वर्षांनी संगणक आलाच. प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं, असा प्रश्न आला तेव्हा खवचट साहेबाने सगळ्यात मोठ्याने ओरडणारे दोघे निवडले. महिनाभरात बळीरामभाऊ जेवणाचा डबा संगणकासमोर उघडायला लागले आणि सिप्रियन स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून फिरायला लागला. युनियनच्या लोकांनी दोघांशी काही दिवस अबोला धरला. मग त्यांच्याही पोरांना संगणकाचा क्लास लावायचा होता, तेव्हा अबोला सुटला.

आता खारवलीचं सांगायला हवं. वसईच्या पूर्वेला, वालीवच्या कारखान्यांकडे पाठ करून खाडीकडे तोंड करून बसलेलं हे गाव. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता निम्मे लोक नोकरीला, उरलेले गाळे भाड्याने देऊन बसलेले. काळ बदलला तरी एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे लग्नाचं आवतण. गावाच्या बोलीत आवतन. पत्रिका छापतात, पण ती पाहुण्यांना. गावात दोन-दोन माणसांच्या जोड्या पितळी तबकात कुंकू आणि अक्षता घेऊन घरोघर जातात. दारात घरचं माणूस हात पुढे करतं, त्याच्या तळहातावर चिमूटभर अक्षता ठेवतात, की झालं आवतन. मात्र कुठल्या घरानंतर कुठलं घर, ही वाट ठरलेली. पहिला नारळ गावदेवीला, मग पहिलं घर बंदरकरांचं, मग बांधाआळी, मग देऊळआळी, मग बाकीच्या आळ्या आणि शेवटी मिठागराकडच्या टोकाचं अनंत भोईराचं घर. या वाटेत एक घर इकडचं तिकडे झालं की रुसवा, आणि खारवलीचा रुसवा म्हणजे नातवंडांपर्यंत पुरतो.

ही वाट तोंडपाठ असलेला एकच म्हातारा होता, तो पंच्याण्णव साली वारला. पुढच्याच लग्नात दोन आळ्या जेवायला आल्या नाहीत आणि बासुंदी पातेल्यात उरली. बळीरामभाऊंनी तेव्हा मनावर घेतलं. आठ महिने रविवारी-रविवारी म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसून त्यांनी वाट उतरवून काढली. पुढच्या वर्षी कंपनीने एक जुना संगणक भंगारात काढला, तो साहेबाकडून मागून घेतला, टेम्पोत घालून गावदेवीच्या देवळाशेजारच्या खोलीत आणला आणि सिप्रियनच्या मदतीने उभा केला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मग त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं ‘आवतन’.

प्रोग्रॅम साधा होता. घरच्या मुख्य माणसाचं नाव, वाटेतला नंबर आणि पानं, म्हणजे त्या घरातून जेवायला किती माणसं येणार. लग्न ठरलं की बळीरामभाऊ खुर्ची पुढे ओढत, दोन कळा दाबत, आणि शेजारचा प्रिंटर असा काही किंचाळत सुटे की अर्ध्या गावाला कळे, कोणाचं तरी आवतन निघतंय. भाऊ-भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या नव्या घराला अर्धा नंबर. सतरा थोरल्याचा, साडेसतरा धाकट्याचा. त्याच्यातही वाटण्या झाल्या तर सव्वासतरा आणि पावणेअठरा. गावात माणसं एकमेकांची ओळखही तशीच करून देत, ‘हे आमचे साडेतीस’. सून आली की पान अधिक एक, लेक दिली की पान वजा एक. म्हात्र्यांचं स्वतःचं घर अठ्ठावन्न, पानं तीन. ते, बायको हंसाबाई आणि एकुलती एक रीमा.

तेरा वर्षं हे यंत्र विनातक्रार चाललं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, एरवी हंसाबाईंनी जुन्या पडद्याची शिवलेली खोळ. निवृत्त झाल्यावर बळीरामभाऊ सकाळी देवळात जात ते देवीच्या दर्शनाला की संगणकाच्या, याबद्दल हंसाबाईंना कायम शंका होती.

दोन हजार नऊची दिवाळी सरल्यावर गावच्या एका गाळेवाल्याने गावदेवीच्या मंडळाला नवा कोरा संगणक भेट दिला. सपाट पडदा, काळा चकचकीत डबा, आणि आत नुकतीच ऑक्टोबरात निघालेली नवी विंडोज, तीही चौसष्ट बिटांची. मंडळाचा सेक्रेटरी प्रितेश भोईर, वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर, त्याने तो हौसेने देवळाशेजारच्या खोलीत मांडला. बळीरामभाऊंनी आपली फ्लॉपी पुढे केली. नव्या डब्याला फ्लॉपी घालायला खाचच नव्हती. सिप्रियनने कुठल्याशा तारेतून ‘आवतन’ नव्यात उतरवून दिलं. बळीरामभाऊंनी त्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक चौकट आली आणि तिने नम्रपणे सांगितलं की हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही, ज्याने लिहिला त्याच्याशी संपर्क साधा.

‘ज्यानं लिहिला तोच समोर बसलाय की,’ बळीरामभाऊ त्या चौकटीला म्हणाले.

संध्याकाळी ही बातमी रीमाने ऐकली. ती मालाडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती, ग्राहकांच्या तक्रारी सोडवायच्या विभागात. तिला नवल वाटलं नाही. ‘बाबा, तुमचा प्रोग्रॅम सोळा बिटांचा. चौसष्ट बिटांच्या विंडोजमधून त्याचा सपोर्टच काढून टाकलाय. जगात सगळ्यांचंच असं झालंय.’

‘जगातल्या सगळ्यांना खारवलीत आवतन द्यायचंय का?’

त्या घरात पुढचे आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बाप-लेकीचा वाद म्हणजे हंसाबाईंना टीव्हीची गरज राहिली नाही. आणि गंमत अशी की रीमाचं लग्न डिसेंबरात ठरलेलं. नवरा मुलगा जितेश विरारचा. साड्यांची खरेदी एका बाजूला पडली आणि दुसऱ्या बाजूला जुनं चालवावं की टाकावं, हे चाललेलं.

मंडळाची सभा भरली ती देवळाच्या ओट्यावर, रविवारी सकाळी. बळीरामभाऊ उभे राहिले. हा त्यांचा दुसरा लढा. आवाज तोच, फक्त या वेळी ते जुन्या संगणकाच्या बाजूने आणि नव्याच्या विरोधात होते.

‘कानामागून आली आणि तिखट झाली, तसा हा डबा,’ ते म्हणाले. ‘काल आला आणि आज तेरा वर्षांच्या कामाला ओळखत नाही म्हणतो. विंडोज बनवणारे शहाणे असतील. पण एकदा लोकांना सांगितलं ना, की आमच्यावर तुमचं काम ठेवा, मग लोकांनी आपला संसार त्यावर मांडला. आता तुम्ही म्हणता जागा खाली करा. भाडेकरूलासुद्धा नोटीस देतात.’

ओट्यावरची म्हातारी मंडळी माना डोलवायला लागली. प्रितेश उठला. तो बळीरामभाऊंना मान देणारा, पण मुद्द्याचा पक्का. ‘काका, तुमचं काम कोन नाकारतंय? पन प्रिंटरची रिबन मिळत नाय. फ्लॉपी मिळत नाय. तो डबा बिघडला की सिप्रियन अंकल गासवरून येनार, त्यांचं वय काय, तुमचं काय. तुमच्याशिवाय त्या हिरव्या पडद्यावर एकाला काय समजत नाय. उद्या तुमी आजारी पडलात तर गावानं लग्नं थांबवायची?’

‘नव्याच्या आत जुनं चालवायची युक्ती असते म्हणे,’ कोणीतरी म्हणालं.

‘मी करून बघितलं,’ रीमा म्हणाली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. लग्न ठरलेली मुलगी मंडळाच्या सभेत बोलतेय, हे खारवलीत पहिल्यांदाच होत होतं. ‘चालतं. पण प्रिंटर बोलत नाही, त्याची जाडी वायर जोडायला नव्यात जागाच नाही. बाबा, आमच्या ऑफिसात रोज हाच वाद असतो. अर्धी माणसं जुन्या आवृत्तीचं फाटलेलं शिवण्यात अडकलेली. नवीन काही करायला घेतलं की कोणीतरी म्हणतं, थांबा, जुनं मोडेल. शेवटी कोणाला तरी सांगावं लागतं की अमुक तारखेनंतर नाही. वाईट वाटतं, पण तो जुलूम नसतो. घरात नवी सून आणायची आणि जुन्या चुलीवरून एक वीटही हलवायची नाही, असं कसं चालेल?’

बळीरामभाऊ म्हणाले, ‘चूल हलव. तिच्यावरचा भात सांडू नको एवढंच माझं म्हणणं.’

‘नाही सांडणार. माझ्याच लग्नाचं आवतन नव्यावर काढा. चुकलं तर मी जबाबदार.’

हात वर झाले. जुन्याच्या बाजूने अकरा, नव्याच्या बाजूने सव्वीस, आणि त्या सव्विसांत एक हात हंसाबाईंचा होता. बळीरामभाऊंना सगळ्यात जास्त तो लागला. जुना संगणक खोळीसकट देवळाच्या माळ्यावर गेला. प्रितेशने यादी एकदा नजरेखालून घाला म्हणून तीनदा विनवलं, तर हे म्हणाले, ‘मी हात लावणार नाही. तुमचं तुम्ही बघा.’ एकसष्टीला आलेला माणूस लहान पोरासारखा फुगून बसला होता, याहून वेगळं काही सांगता येत नाही.

प्रितेशने कामात कसूर केली नाही. कारखान्यातून आल्यावर चार संध्याकाळी बसून जुन्या फाइलमधली चारशे बारा घरं त्याने नव्या तक्त्यात घेतली. नावं इंग्रजी अक्षरांत होती, ती एकेक करून मराठीत टाइप केली. त्यात त्याला एक रकाना दिसला. एक, दोन, तीन, साडेतीन, पावणेचार, चार. मध्येच सव्वासतरा. त्याला वाटलं, जुन्या प्रोग्रॅममध्ये अनुक्रमांक बिघडलेत. गावातला असूनही त्याला असं वाटलं, कारण साडेतीस आणि पावणेचार ही त्याच्या लेखी माणसांची टोपणनावं होती, ती कुठून आली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने तो रकाना पुसला, नावं अकारविल्हे लावली, आणि शेजारी एक ते चारशे बारा असे स्वच्छ नवे आकडे घातले. लेझर प्रिंटरमधून यादी आवाजही न करता बाहेर आली. इतकी देखणी यादी खारवलीने पाहिली नव्हती.

आवतनाचा रविवार उजाडला. मुलीच्या बापाने अक्षता घेऊन फिरायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे बळीरामभाऊ मांडवाचे बांबू मोजत घरीच होते. गावदेवीला नारळ ठेवून जोड्या निघाल्या आणि प्रितेशची जोडी यादीतल्या पहिल्या घरी गेली. अनंत भोईराकडे. अनंताच्या घराला पिढ्यान् पिढ्या शेवटचं आवतन, तेही दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर, तबकातल्या अक्षता संपत आलेल्या असताना. सकाळी आठला दारात तबक बघून तो माणूस गोंधळला. बनियनवरच बाहेर आला, मग आत पळाला, सदरा उलटा घालून आला, आणि सरबत घेतल्याशिवाय जाऊ देईना. त्याच्या बायकोने दोनदा विचारून घेतलं की घर तर चुकलं नाही ना.

बंदरकरांच्या मनोरमाकाकींकडे जोडी पोचली दुपारी चारला. ‘म’ अक्षरावर. ऐंशी वर्षांची बाई, घरात एकटी. सकाळी नवं लुगडं नेसून, ओटा सारवून बसलेली. तिने तबकाकडे पाहिलं, प्रितेशकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

‘आमचं घर शेवटी गेलं वाटतं,’ ती म्हणाली. ‘मग आमी शेवटीच जेवू.’ आणि दाराची खालची फळी लावून घेतली.

आवतन परत करायचीही खारवलीची एक रीत आहे. भांडण नाही, तंटा नाही. मिळालेल्या अक्षता केळीच्या पानात बांधायच्या आणि गावदेवीच्या पायाशी ठेवून यायच्या. सोमवारी सकाळी देवळात सत्तेचाळीस पुड्या होत्या. अख्खी बांधाआळी. बंदरकरांची म्हातारी नाही तर आम्ही नाही.

ही बातमी ऐकून बळीरामभाऊंना आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. बरी जिरली, असं त्यांच्या मनात आलंच. तो आनंद रीमाच्या खोलीच्या दारापर्यंत टिकला. ती पलंगावर बसली होती, हळदीच्या साडीला फॉल लावत, आणि सुई चुकीच्या जागी टोचत होती.

‘सांडला भात,’ ती म्हणाली. ‘माझं चुकलं, बाबा.’

सभेत बिनधास्त बोलणारी ती मुलगी रडू आवरत होती. तिच्या लग्नात सत्तेचाळीस घरं येणार नाहीत, ज्यांच्या अंगणात ती लंगडी खेळली ती घरं. बळीरामभाऊ तिच्याजवळ पलंगावर बसले. ‘तू काय चुकलीस? यादी बघ म्हणून तो तीनदा आला होता. मी रुसून बसलो. हात दाखवून अवलक्षण केलं ते मी.’

अर्ध्या तासात गासहून सिप्रियन स्कूटरवरून आला. माळ्यावरून जुना संगणक उतरवला, खोळ काढली. त्याच्या आतला छोटा सेल मेला होता, त्यामुळे आजची तारीख तो एक जानेवारी ऐंशी सांगत होता. सिप्रियन म्हणाला, ‘सांगू दे. आपन दोघं पन तेव्हाचेच हाव.’ चौथ्या खेपेला हिरवी अक्षरं उगवली. बळीरामभाऊंनी दोन कळा दाबल्या आणि प्रिंटर किंचाळत सुटला. आळीतली दोन-चार माणसं दारात येऊन बघायला लागली.

कागद घेऊन बापलेक बांधाआळीला निघाले. बापाने फिरायचं नाही हा रिवाज होता आणि नवरीने तर नाहीच नाही, पण त्या दिवशी तो कोणी काढला नाही.

‘आवाज ऐकला मी,’ मनोरमाकाकी दारातच म्हणाल्या. ‘वाच.’

‘एक,’ बळीरामभाऊंनी वाचलं. ‘मनोरमा बंदरकर. पानं एक.’

‘पुढं?’

‘पुढं काही नाही, काकी.’

‘का पयलं, ते लिवलं नाय?’

बळीरामभाऊंनी कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती. त्यांना माहीत होतं. म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी ऐकलं होतं. अठ्ठेचाळीसच्या वादळात खाडीचा बांध फुटला तेव्हा बंदरकरांचे तिघे भाऊ घरचे दरवाजे काढून भगदाडात उभे राहिले, रात्रभर. खारं पाणी शेतात शिरलं असतं तर गावात दहा वर्षं भात पिकला नसता. तिघांतले दोघे सकाळी घरी आले. पण हे त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं. नाव, नंबर, पानं एवढेच रकाने ठेवले, कारण का ते सगळ्यांना ठाऊकच होतं. तेरा वर्षांपूर्वी सगळ्यांना ठाऊक होतं.

‘मग त्या पोराला कसं कळनार?’ काकी म्हणाल्या. ‘त्याला राग येईल असं बोलले मी. त्याची काय चूक? तू नुसता आकडा ठेवलास. आकडा पुसायला काय लागतं?’

रीमा खाली ओट्यावर बसली. पर्समधून पेन काढून त्या प्रिंटरच्या कागदाच्या मागेच लिहायला लागली. तिने भावांची नावं विचारली, कुठला दरवाजा काढला ते विचारलं. काकींनी हात लावून दाखवला, पुढच्या दाराची डावी फळी अजून वेगळ्या लाकडाची होती. मग साडेतीनचं का, पावणेचारचं का, असं करत अर्धी बांधाआळी त्या कागदावर आली. काकींना सांगताना मजा येत होती. कोणत्या भावांचं वेगळं होणं बोकडावरून आणि कोणाचं बायकांवरून, हेही त्यांनी सोडलं नाही.

‘आनि माझी थोरली?’ काकींनी मध्येच विचारलं. ‘उरनला दिलेली. तुझ्या डब्यात ती हाय का, बळी?’

‘नाही, काकी. लेक दिली की पान वजा.’

‘तेच म्हनते. तिला या गावच्या लग्नाचं आवतन गेलं नाय कवा. बाप होता तवर तो निरोप धाडायचा. आता कोन सांगनार? ती पन इथंच पोहायला शिकली ना.’ हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्याच नाहीत. पण बळीरामभाऊंना ते आत कुठेतरी बसलं.

निघताना काकींनी हात पुढे केला. रीमाने तळहातावर अक्षता ठेवल्या. ‘आनि ऐक, त्या अनंताला दिलेलं आवतन मागं घेऊ नका,’ काकी म्हणाल्या. ‘दोन दिवस मानूस उलटा सदरा घालून गावभर मिरवतोय. इतकी वर्सं तो शेवटी का होता, ते आता मलापन आठवत नाय. आठवत नाय तर ठेवायचं कशाला?’

संध्याकाळपर्यंत गावदेवीच्या पायाशी एकही पुडी राहिली नाही.

लग्न झालं. मनोरमाकाकी पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसल्या आणि त्यांनी शेजारच्या पाटावर अनंत भोईराला ओढून बसवलं. प्रितेश वाढायला होता, त्याला त्यांनी तीनदा जिलबी घालायला लावली आणि मगच माफ केलं. चारशे बारा घरांपैकी एकही राहिलं नाही. पाठवणीच्या वेळी बळीरामभाऊ रडले नाहीत. विरार कितीसं लांब, असं ते येईल त्याला सांगत होते, आणि ते इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांच्याकडे काळजीने बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे देवळाशेजारच्या खोलीत गेले. जुना संगणक अजून टेबलावरच होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नोंद करायची, ही त्यांची तेरा वर्षांची शिस्त. त्यांनी अठ्ठावन्न नंबर काढला. म्हात्रे, पानं तीन. तिनाचे दोन करायचे. ही कळ त्यांनी आजवर गावातल्या दीड-दोनशे मुलींसाठी दाबली होती, हिशेब बरोबर राहावा म्हणून, खुशीत, एखादं गाणं गुणगुणत. लेक गेली, पान वजा. पुढे तिचं काय, ते विचारायला प्रोग्रॅममध्ये जागाच ठेवली नव्हती. सपोर्ट काढला, सपोर्ट काढला म्हणून भर सभेत विंडोजवाल्यांच्या नावाने बोंब मारणारा माणूस, आणि त्याने स्वतः काय केलं होतं? त्या कंपनीने निदान चौकट तरी दाखवली होती. यांनी तर कोणाला काही सांगितलंही नव्हतं.

तिनाच्या आकड्यापाशी हिरवी खूण लुकलुकत होती. पाठवणीला न आलेलं रडू बळीरामभाऊंना तिथे आलं. मग त्यांनी डोळे पुसले, ती नोंद तशीच तीनवर ठेवली, संगणक बंद केला आणि खोळ घातली.

एवढ्यात प्रितेश कारखान्यात जायच्या आधी आला आणि नव्या संगणकावर काहीतरी करायला बसला. रीमाने जाण्यापूर्वी त्याला काम लावून ठेवलं होतं, ‘वाट’ आणि ‘का’ असे दोन रकाने. बळीरामभाऊ त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

‘आणखी एक रकाना वाढवता येतो का रे यात?’

‘वाट्टेल तेवढे येतात, काका. काय लिवायचं?’

‘माहेरवाशिणी. कुठल्या घरची, कुठे दिली, पत्ता काय. काकींच्या उरणच्या लेकीपासून सगळ्या शोधून काढायच्या. मी फिरतो घरोघर. पण पहिली नोंद आत्ता घे.’

प्रितेशने रकाना वाढवला. रीमा, विरार पश्चिम, इमारतीचं नाव, मजला. मग तो थांबला. ‘नावाला वाटेचा नंबर लागतो, काका. हिला कुठला देऊ?’

‘वेगळं घर झालं की आपण काय देतो?’ बळीरामभाऊंनी विचारलं, आणि तो बोलायच्या आतच हात पुढे करून, अक्षरं शोधत शोधत, त्यांनी स्वतःच दाबलं. ५८.५.

नव्या डब्याने काही कुरकुर केली नाही.